चहानंतरची हिरवी पट्टी

कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाला दोनच वाक्यं येत असली तरी त्याची नोकरी निवृत्तीपर्यंत सुखरूप जाते. एक, "बंद करून चालू केलंत का?" आणि दोन, "स्क्रीनशॉट पाठवा." चाकणच्या कारखान्यात मी वीस-बावीस वर्षं ह्याच दोन वाक्यांवर काढली. गंमत करत नाही. निम्म्या तक्रारी पहिल्या वाक्यालाच गारद होतात, उरलेल्यांतल्या बऱ्याचशा दुसऱ्याला. पण ह्याच दोन वाक्यांपायी आमच्याकडच्या एका सरळ माणसाची नोकरी जायची वेळ आली होती, आणि ती वाक्यं बोलणारी मी होते. तेच सांगायला बसले आहे.

आमचा कारखाना गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग बनवायचा. दारावर 'सिस्टीम डिपार्टमेंट' असं भारदस्त लिहिलेलं, आत मी एकटी. आयटीत आहे म्हटलं की नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर हिंजवडीची काचेची इमारत यायची. प्रत्यक्षात मी रहाटणीहून सकाळच्या कंपनी बसने जायचे, गेटवर मोबाइल जमा करायचे, सेफ्टी शूज चढवायचे आणि दिवसभर प्रेसच्या धाडधाड आवाजात कुणाचा प्रिंटर रुसलाय, कोण पासवर्ड विसरलंय हे बघत फिरायचे. माझे वडील पिंपरीत खरादी होते. लेथच्या आवाजावरून त्यांना टूल बोथट झाल्याचं कळायचं. मला पंख्याच्या आवाजावरून लॅपटॉपचं दुखणं कळतं. तेवढा वारसा मी चालवला, असं मी घरी मिरवत असते.

आमच्या कामात सणासुदीचं एक वेगळंच दुखणं असतं. खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा होते. त्यात कॉम्प्युटर आलेच. पुढच्या कामाच्या दिवशी माझ्या दाराशी ही रांग! कुणाच्या कीबोर्डात कुंकू, कुणाच्या स्कॅनरच्या काचेवर हळदीचं बोट, आणि लॅपटॉपच्या वारा जायच्या भोकांवर घसघशीत झेंडूचा हार. एका वर्षी प्रेस शॉपमधले सगळे लॅपटॉप तापून बंद पडले, एक सोडून. त्याचा हार कुणीतरी अलगद उचलून शेजारच्या खिळ्याला अडकवला होता. कुणी केलं म्हणून विचारलं, तर इन्स्पेक्शनच्या बेंचवरचा एक किडकिडीत माणूस जरा घाबरतच म्हणाला, "मीच सरकवलो मॅडम. इथून गरम वारं येलालंय. ते कोंडलं असतं की ओ."

हा बालाजी. लातूरकडचा, मोशीत राहणारा, घरी बायको आणि दोन मुली. बरीच वर्षं कंत्राटावर काढून नुकताच कायम झालेला. त्याचं कामच डोळ्यांचं. प्रेसमधून आलेला ब्रॅकेट गेजमध्ये ठेवायचा. गेज मापं घेतं आणि कॉम्प्युटरला पाठवतं. बेंचच्या वर टांगलेल्या मोठ्या मॉनिटरवर ब्राउझरचं एक पान कायम उघडं असतं. त्यावर वरच्या बाजूला पार्टचा नंबर येतो आणि खाली मापांसकट एक जाड पट्टी, बरोबर असेल तर हिरवी, नसेल तर लाल. हात तेलकट, म्हणून पायाखाली दोन पेडल. उजवं दाबलं की पास, डावं दाबलं की नापास. रंग दाखवायचं काम कॉम्प्युटरचं, निर्णय माणसाचा, असा आमच्याकडचा नियम. म्हणूनच इन्स्पेक्शनच्या माणसांचे डोळे दरवर्षी तपासले जातात आणि त्याचं कार्ड बेंचवर लावलेलं असतं. डोळ्यांत काही निघालं की माणूस बेंचवरून उठला, थेट पॅकिंगला.

ह्या बेंचवरचा लॅपटॉप ही माझी करामत होती. डिझाइनवाल्यांनी नवीन मशिनं घेतली तेव्हा त्यांचे जुने लॅपटॉप भंगारात चालले होते. मी ते अडवले, त्यांच्यावर लिनक्स टाकलं आणि लाइनवर बसवले. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, कुणाच्या मालकीची नसलेली व्यवस्था. म्हाताऱ्या मशिनवरसुद्धा ती तुरुतुरु चालते. मीटिंगमध्ये प्लांट हेड साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं. त्यामुळे त्या लॅपटॉपांबद्दल कुणी वाकडं बोललं की मला ते झोंबायचं. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं समजेल.

एका सकाळी लाइनवरच्या इंटरकॉमवरून बालाजीचा फोन आला. "मॅडम, पट्टी जुनीच राहलालीय. वरचा नंबर बदलतंय, खालचं मागच्या पार्टचंच दिसतंय."

"बंद करून चालू केलंत का?"

"केलो. आता बरोबर दिसलालंय."

"मग झालं तर," म्हणून मी तक्रार बंद केली. दोन मिनिटांचं काम.

आठवड्याभरात दुसरी तक्रार, शब्द न् शब्द तोच. मी म्हटलं, स्क्रीनशॉट पाठवा. त्याने पाठवला. नंबर बरोबर, माप बरोबर, पट्टी बरोबर. अगदी स्वच्छ चित्र. मी सर्व्हरवरची नोंद काढून ताडून पाहिली, तीही तशीच. आता ह्यात बिघाड कुठे आहे, सांगा बघू! तिसऱ्या वेळी मात्र मी स्वतः गेले. जाईपर्यंत कुणीतरी लॅपटॉप बंद करून चालू केलेला होताच, कारण मॅडम आल्या की पहिलं तेच विचारणार हे सगळ्यांना पाठ होतं. मी दहा पार्ट लावून पाहिले, दहाही बरोबर. बालाजी शेजारी उभा राहून नुसता मॉनिटरकडे बघत होता.

"अहो बालाजी, झोप होते का नीट?" मी हसत विचारलं. आजूबाजूचे दोघंचौघंही हसले. खोलीवर येऊन मी तक्रारीपुढे 'युजर एरर' असा शेरा मारला. म्हणजे चूक माणसाची. आमच्या कामात हा शेरा फार सोयीचा असतो.

चौथी तक्रार आलीच नाही. प्रश्न सुटला असं मी धरून चालले. मध्ये एकदा बसमध्ये बालाजी दिसला तर डोळ्याला चष्मा. "काय हो, हिरो झालात की!" मी म्हटलं. तो कसनुसं हसला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. मला तेव्हा त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

मग तो दिवस उजाडला. ग्राहक कंपनीने एक लॉट परत पाठवला. त्यात मूठभर ब्रॅकेट मापात चुकलेले. सर्व्हर उघडून पाहिलं तर त्या प्रत्येक पार्टपुढे कॉम्प्युटरची पट्टी लाल आणि बालाजीचं पेडल उजवं, म्हणजे पास. त्याला नोटीस मिळाली. कॉम्प्युटर नापास दाखवत असताना माल पास केला, तर कामावरून कमी का करू नये? शुक्रवारी चौकशी ठेवली. चौकशीला पुरावा म्हणून नोंदी छापून द्यायचं काम माझ्याकडेच आलं. तीन तक्रारी आणि त्यांवरचे माझे शेरेही त्यात जोडले होते. ते कागद बघून कुणालाही वाटलं असतं की ह्या माणसाने आधीपासूनच कॉम्प्युटरवर ढकलायची तयारी करून ठेवली होती.

बुधवारी दुपारी लाइनचे सुपरवायझर तापकीर भाऊ माझ्या खोलीत आले. चऱ्होलीचे, जुन्या घरातले, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी टेबलावर शिफ्टचं रजिस्टर ठेवलं. एक शिफ्ट सुटताना पुढच्या शिफ्टसाठी दोन ओळी लिहून ठेवायच्या, ते हे रजिस्टर.

"मॅडम, आमी काय तुमच्यावानी शिकल्यालो न्हाई," ते म्हणाले, "पर हा गडी खोटं बोलनारा न्हाई. हे बगा जरा."

बालाजीच्या शिफ्टच्या पानांवर, शेऱ्याच्या रकान्यात, पेनने काढलेली छोटी छोटी चित्रं होती. एक चौकोन, वरच्या भागात पार्टचा नंबर, खालच्या भागात तिरप्या रेघा. शेजारी लिहिलेलं, 'खालचं जुनं'. असे सहा-सात चौकोन होते. कारखान्यात फोटो काढायची सोय नाही. मोबाइल गेटवर जमा, आणि आत नेता येतो त्या साहेब लोकांच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर सिक्युरिटी स्टिकर चिकटवते. मी मागितलेला स्क्रीनशॉट दर वेळी स्वच्छ येत होता. मग बिचाऱ्याने जे दिसलं ते हाताने काढून ठेवलं होतं.

मला त्या चौकोनांचं फार नवल वाटलं. खोटं बोलणारा माणूस एकच खोटं इतक्या नेमकेपणाने सहा वेळा कशाला काढेल? रेघा दर वेळी त्याच उंचीपासून सुरू होत होत्या. आणि प्रत्येक चित्राखाली बारीक अक्षरात एक शब्द होता, जो मी आधी नुसता वाचून पुढे गेले आणि मग परत मागे आले. 'चहानंतर.' सगळ्यांखाली तोच.

"तापकीर भाऊ, उद्या सुट्टी आहे ना?"

"गुरुवार हाय. बंदच की."

"मग उद्या आपण दोघं येऊ आणि चहा पिऊ."

ते माझ्याकडे बघतच राहिले. पण आले बरं का, सकाळी आठला, घरून थर्मास भरून घेऊन.

सुट्टीच्या दिवशी प्रेस शॉप इतकं शांत असतं की गेजची खिट्टी उघडल्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो. मी नापास पार्टची एक पेटी आणि पास पार्टची एक पेटी घेऊन बसले. तासभर पार्ट लावले. सगळं बरोबर. मग आम्ही दोघं बाहेर पायरीवर बसून पंधरा मिनिटं चहा प्यायलो, अगदी शिफ्टमध्ये पितात तसा. परत आलो तेव्हा मॉनिटर काळा झालेला होता. कुणी हात लावला नाही की थोड्या वेळाने तो झोपतो. पेडल दाबलं, जागा झाला. एक चांगला पार्ट लावला, हिरवी पट्टी. मग एक चुकलेला लावला. वरचा नंबर बदलला. खालची पट्टी हिरवीच.

"अगं बाई!" मी ओरडलेच.

लॅपटॉप बेंचखाली पत्र्याच्या बंद पेटीत असतो, तेल आणि धुळीपासून वाचवायला; वर फक्त मॉनिटर आणि कीबोर्ड. मी गुडघ्यावर बसून पेटी उघडली. लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनवर पट्टी लाल होती. वर मॉनिटरवर हिरवी. एकाच मशिनची दोन तोंडं, आणि दोन्हींवर वेगळं. स्क्रीनशॉट काढला. लाल, स्वच्छ, अगदी बरोबर. मी तिथेच फरशीवर बसकण मारली.

आता ही गोम काय होती ते सोपं करून सांगते. डिझाइनवाल्यांच्या लॅपटॉपात चित्र काढणारी दोन कार्डं असतात. एक लहान, रोजच्या कामाचं. एक मोठं, अवघड डिझाइनसाठी. लॅपटॉपचा स्वतःचा स्क्रीन लहान कार्डाला जोडलेला असतो. पण बाहेरचा मॉनिटर जिथे जोडतात, ती खोबण ह्या मशिनमध्ये मोठ्या कार्डाची होती. आमचं ब्राउझरचं पान लहान कार्ड काढायचं, आणि बाहेर दाखवायचं तर ते चित्र आधी मोठ्या कार्डाकडे पोचवावं लागायचं. ब्राउझर तर असा आळशी की पानाचा जेवढा भाग बदलला तेवढाच नव्याने काढतो. दोन महिन्यांपूर्वी मी सगळ्या मशिनांना अपडेट दिलं होतं. त्यानंतर मॉनिटर झोपून उठला की ह्या ने-आणीत खालचा भाग कधीकधी पोचतच नव्हता. बंद करून चालू केलं की पुढच्या झोपेपर्यंत सगळं आलबेल. आणि स्क्रीनशॉट घेतला जातो तो लहान कार्डाकडचा, चित्र निघायच्या आधीचा. घरून भरलेल्या डब्याचा फोटो काढला तर वाटेत सांडलेली आमटी त्यात दिसणार कशी? मी महिनाभर त्या माणसाकडे भरलेल्या डब्याचे फोटो मागत होते.

बाकीच्या लाइनवर लोक लॅपटॉपच्याच स्क्रीनवर बघायचे. बाहेरचा मॉनिटर फक्त बालाजीच्या बेंचवर होता, म्हणून दुसऱ्या कुणाची तक्रार नव्हती.

त्यानंतर मला चेवच चढला. ब्राउझरला ही ग्राफिक्स कार्डं वापरूच नकोस म्हणून सांगितलं, चहा, पट्टी बरोबर. परत वापर म्हटलं, चहा, पट्टी जुनी. लॅपटॉपच्या डाव्या अंगाला आणखी एक छोटी खोबण होती, तपासली तर ती लहान कार्डाची निघाली. मॉनिटरची वायर तिकडे लावली, चहा, बरोबर. पुन्हा चहा, पुन्हा बरोबर. तापकीर भाऊ शेवटी हात जोडून म्हणाले, "मॅडम, आता चहा नगं. प्वाट डब्ब झालंय." म्हटलं, भाऊ, नुसतं पायरीवर बसून या, पण चहाएवढा वेळ बसा.

खरं सांगते, तो दिवस माझ्या नोकरीतला सगळ्यात आनंदाचा होता. कोडं सुटल्यावर जे वाटतं ते दुसऱ्या कशाने वाटत नाही. परतीच्या वाटेवर मात्र माझे शेरे आठवले आणि आनंद निम्मा उतरला.

शुक्रवारी सकाळी मी मॉनिटरची वायर मुद्दाम पहिल्यासारखी लावून ठेवली. चौकशी कॉन्फरन्स रूममध्ये होती. एका बाजूला प्लांट हेड साहेब आणि एचआरचे दोघं, समोर बालाजी, नवीन चष्मा लावून, मांडीवर हात घट्ट धरून. माझी छापील पानं साहेबांसमोर होती.

"साहेब, इथे नको," मी म्हटलं. "सगळे लाइनवर चला. आणि आधी चहा घेऊ."

"मॅडम, ही चौकशी आहे," एचआरवाले म्हणाले.

"म्हणूनच म्हणतेय."

साहेब उठले म्हणून बाकीचेही उठले. बेंचजवळ उभं राहून सगळ्यांनी चहा घेतला.  मॉनिटर काळा झाला. मी बालाजीला म्हटलं, करा सुरू. त्याने चांगला पार्ट लावला, मग नापास पेटीतला. नंबर बदलला, पट्टी हिरवी. मी खाली वाकून पेटी उघडली आणि साहेबांना म्हटलं, आता इथे बघा. साहेब टाय धरून वाकले. वर बघितलं, खाली बघितलं, परत वर बघितलं. मग मी स्क्रीनशॉट काढून दाखवला आणि रजिस्टर उघडून बालाजीचे चौकोन दाखवले. मॉनिटरवरचं दृश्य आणि पेनाने काढलेलं चित्र, तंतोतंत एक.

साहेबांनी रजिस्टर मिटलं. मग थोडे चिडूनच म्हणाले, "अरे, मग हे आधी का नाही सांगितलं ह्याने?"

तापकीर भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. बालाजीने खाली पाहिलं. तो माझं नाव घेणार नव्हता, हे मला दिसत होतं.

"सांगितलं साहेब, तीनदा," मी म्हटलं. "तीनही वेळा मीच तक्रार बंद केली. तो 'युजर एरर'चा शेरा माझा आहे. चूक युजरची नव्हती, माझी होती. हे असंच लिहून घ्या."

बोलताना माझे कान गरम झाले होते. इतक्या वर्षांत सगळ्यांसमोर असं बोलायची वेळ माझ्यावर आली नव्हती. साहेबांनी नोटीस मागे घ्यायला सांगितलं आणि ते गेले. जाताना मला एवढंच म्हणाले, "अपडेट द्यायच्या आधी पुढच्या वेळी चहा पीत जा." त्या दिवसापासून मी तक्रारीच्या फॉर्मवरचा पहिला प्रश्न बदलला. 'बंद करून चालू केलंत का?' खाली गेलं. वर आलं, 'तुम्हाला काय दिसलं?' आणि त्याखाली एक मोठा रिकामा चौकोन, चित्र काढायला. निवृत्त होईपर्यंत तो फॉर्म तसाच होता.

सगळे पांगल्यावर मी वायर डावीकडच्या खोबणीत घट्ट बसवली. बालाजी शेजारी उभा होता. मला एक गोष्ट अजून कळत नव्हती.

"बालाजी, चौथ्यांदा का नाही सांगितलंत? रजिस्टरात काढत राहिलात, मला फोन का नाही केलात? रागावला होतात माझ्यावर?"

"छे ओ मॅडम, राग कशाचा." त्याने चष्मा काढला आणि ओव्हरॉलच्या टोकाने पुसला. "तुम्ही सोता येऊन बघलाव. एवढ्या शिकलेल्या तुम्ही. म्हणलाव, स्क्रीन बरोबर हाय. मला वाटलं, मग माझे डोळे गेले. चौथ्यांदा सांगितलो असतो तर डोळे तपासायला पाठवले असते, आन् बेंच गेला असता. म्हणून गुपचूप मोशीतल्या डॉक्टरकडं गेलो. घरी बी सांगितलो नाही. डॉक्टर म्हणला, डोळे एकदम चांगले हायत, काही नंबर नाही. मी म्हणलो, तरी द्या."

"नंबर नाही म्हणाला तर चष्मा कशाला घेतलात?"

"तुम्ही म्हणलाव स्क्रीन बरोबर. डॉक्टर म्हणला डोळे बरोबर. मग राहिलं काय मॅडम? मीच की. रातच्याला पोरींचा अभ्यास घेताना बी वाटायचं, हे वहीत हाय तेच मला दिसलालंय का."

 त्याने चष्मा बेंचवर ठेवला, हातमोजे चढवले आणि पुढचा पार्ट गेजमध्ये लावला. पट्टी लाल आली. त्याने डावं पेडल दाबलं. मी तो चष्मा उचलून माझ्या डोळ्याला लावून पाहिला. साधी काच होती. त्यातून सगळं जसंच्या तसं दिसत होतं.